ग्रंथालयात काय घ्यायचे, काय नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका विद्यापीठ ग्रंथालयाच्या ग्रंथोपार्जन विभागात आम्ही काम करतो. पुस्तके निवडणे, मागवणे, बिले तपासणे आणि दाखल क्रमांक टाकून ती वर्गीकरणाकडे पाठवणे हे आमचे काम. देवघेवीच्या खिडकीवर, ईमेलवर आणि विभागांच्या बैठकांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे आमच्या रीतीप्रमाणे आहेत. दुसऱ्या विद्यापीठात तपशील थोडे वेगळे सापडतील.

१. पुस्तक घ्यायचे की नाही हे नेमके ठरवते कोण? ग्रंथपाल, प्राध्यापक की समिती?

तिघेही ठरवतात, पण तिघांचे काम वेगळे आहे. बहुतेक शिफारशी विभागांतल्या शिक्षकांकडून येतात, कारण आपल्या विषयात नवे काय आले हे त्यांना आधी कळते. पैशांची विभागवार वाटणी ग्रंथालय समिती करते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मध्ये ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ म्हटले आहे, त्यामुळे काही ठिकाणी समितीच्या पाटीवर ते नाव दिसेल. या दोघांच्या मधले काम ग्रंथपालाचे: आलेली यादी आपल्या संग्रहाशी ताडून पाहणे, दुबार प्रती गाळणे आणि कोणीच न सुचवलेल्या विषयांकडे लक्ष ठेवणे.

यातले शेवटचे काम बाहेरून दिसत नाही, पण आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. सगळे शिफारशींवर सोडले तर संग्रह त्या त्या काळच्या शिक्षकांच्या आवडीप्रमाणे वाढतो. मध्ययुगीन व्यापारावर तीन फडताळे भरतात आणि गिरणी कामगारांवर चार पुस्तके मिळत नाहीत, कारण त्या वर्षांत विभागात तो विषय शिकवणारे कोणी नव्हते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ असा एक नियम आहे. त्यातला वाचक पुढच्या दहा वर्षांत येणाराही असू शकतो, आणि आज त्याच्या वतीने शिफारसपत्र भरायला कोणी नसते.

२. मी एम.ए.चा विद्यार्थी आहे. मी पुस्तक सुचवले तर कोणी बघते का?

बघतो, आणि उत्तरही देतो. मागणीपत्र ग्रंथालयात मिळते, ईमेलही चालतो. नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचे वर्ष एवढे हवेच; आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) दिला तर चुकीची आवृत्ती येण्याचा धोका टळतो. आम्हाला सर्वांत उपयोगी पडते ते ‘कशासाठी हवे’ हे एक वाक्य. ‘चांगले पुस्तक आहे’ यावरून काही ठरवता येत नाही. ‘माझा लघुप्रबंध ऊसतोडणी कामगारांच्या स्थलांतरावर आहे आणि बीड जिल्ह्यावर आपल्याकडे काहीच नाही’ असे लिहिले तर त्या एका पुस्तकाबरोबर त्या विषयावरची आणखी दोन-तीनही आम्ही शोधतो.

मार्गदर्शकांची सही लागत नाही. फक्त किंमत फार असेल तर आम्ही विभागाला विचारतो.

३. तुमचे काही लेखी धोरण आहे का, की जशी मागणी येईल तशी खरेदी होते?

लेखी धोरण आहे. त्यात विषयवार एकच गोष्ट ठरवलेली आहे: या विषयात किती खोल जायचे. अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांनी १९८० च्या दशकात यासाठी शून्य ते पाच अशी पायऱ्यांची पद्धत वापरात आणली आणि बऱ्याच देशांनी ती आपापल्या सोयीने उचलली. शून्य म्हणजे हा विषय आपला नाहीच. एक म्हणजे अगदी किमान, दोन म्हणजे प्राथमिक माहितीपुरते, तीन म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर अध्यापनाला पुरेल इतके, चार म्हणजे संशोधनाला पुरेल इतके, आणि पाच म्हणजे त्या विषयावर जे जे निघाले ते सर्व.

पाचवी पायरी कोणत्याही ग्रंथालयाला एखाद-दुसऱ्या विषयातच परवडते. चौथी पायरी घ्यायची तर केवळ पुस्तके पुरत नाहीत. जुनी नियतकालिके, अहवाल, पत्रके, परिषदांचे वृत्तान्त, इतर भाषांतले लेखन हे सगळे वर्षानुवर्षे न चुकता घ्यावे लागते. मधली पाच वर्षे घेतले नाही तर ती फट नंतर पैशांनी भरत नाही, कारण तोवर ते बाजारातून गेलेले असते. म्हणून नवा अभ्यासक्रम सुरू करताना विभागाने आम्हाला आधी विचारावे अशी आमची कळकळीची विनंती आहे. अभ्यासक्रम जूनमध्ये सुरू होतो, पण त्याला लागणारा संग्रह जूनमध्ये उभा राहत नाही.

४. पुण्यात इतकी जुनी ग्रंथालये आहेत. तुम्ही खरेदी करताना त्यांचा विचार करता का?

सर्वांत आधी तोच करतो. कोणतेही महागडे किंवा दुर्मिळ पुस्तक समोर आले की आमचा पहिला प्रश्न असतो: हे आम्ही घेतले नाही तर वाचकाला कुठे मिळेल? पुण्यात या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘सायकलवर अर्ध्या तासात’ असे असते, आणि हे भाग्य फार थोड्या शहरांना आहे.

संस्कृत हस्तलिखितांचे घ्या. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्ये स्थापन झाले आणि त्याआधी डेक्कन कॉलेजात असलेला सरकारी हस्तलिखितसंग्रह पुढच्याच वर्षी तिथे गेला. तिथल्या ऋग्वेदाच्या हस्तलिखितांची २००७ मध्ये युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ या नोंदणीत नोंद झाली. महाभारताची चिकित्सक आवृत्तीही तिथेच सिद्ध झाली आणि १९६६ मध्ये पुरी झाली. मग आम्ही दहा-वीस पोथ्या विकत घेऊन काय साधणार? त्यांची निगा राखायला लागणारी माणसे आणि व्यवस्था त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे नाही. आम्ही तिथल्या सूच्या, छापील आवृत्त्या आणि त्यांवरचे संशोधन घेतो, म्हणजे आमचा विद्यार्थी तिकडे जाताना काय मागायचे हे ठरवून जातो.

भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व यांसाठी डेक्कन कॉलेज आहे. ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे काम तिथे १९४८ पासून चालू आहे. मराठ्यांच्या इतिहासाची मोडी कागदपत्रे भारत इतिहास संशोधक मंडळात (१९१०) आणि पेशवे दप्तर सांभाळणाऱ्या पुराभिलेखागारात. अर्थशास्त्राचे जुने अहवाल आणि संयुक्त राष्ट्रसंघाची प्रकाशने हवी असतील तर गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. त्याचे मूळ १९०५ च्या भारत सेवक समाजाच्या ग्रंथालयापर्यंत जाते. खगोलशास्त्राला आयुका, चित्रपटाला १९६४ चे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. जुनी मराठी ललित पुस्तके आमच्याकडे नसली तर पुणे नगर वाचन मंदिर (१८४८) किंवा पुणे मराठी ग्रंथालय (१९११) इथे विचारा. गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाचे नाव तर प्रत्येक संशोधक घेतोच.

या वाटणीला दोन अपवाद आम्ही कटाक्षाने पाळतो. रोज लागणारे पुस्तक शेजारी आहे म्हणून आम्ही टाळत नाही. हडपसरहून दोन बस बदलून येणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ते डेक्कन जिमखान्यावर मिळेल’ असे सांगणे म्हणजे नाही म्हणणेच. आणि महाराष्ट्रात छापलेली, पुन्हा निघण्याची शक्यता नसलेली मराठी पुस्तके आम्ही शेजारी असली तरी घेतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या घरोघरचे कागद पाण्यात गेले. शहरात एकच प्रत असणे किती जोखमीचे आहे हे पुण्याला वेगळे शिकवायला नको.

दुसऱ्या संस्थेत बसून वाचायचे असेल तर आमच्याकडून ग्रंथपालांचे ओळखीचे पत्र घेऊन जा. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर प्रवेश मिळतो. काही ठिकाणी थोडे शुल्क आणि आधी वेळ ठरवणे लागते.

५. अप्पा बळवंत चौकात पुस्तक आजच मिळते. तुमच्याकडे यायला दोन-तीन महिने का लागतात?

चौकातल्या दुकानदाराला फक्त पुस्तक आणि पैसे लागतात. आमच्याकडे शिफारस, दुबार तपासणी, समितीची किंवा कुलसचिव कार्यालयाची मान्यता, मागणीपत्र, पुस्तक आल्यावर बिलाशी ताळा, दाखल नोंदवही, वर्गीकरण, तालिका (ग्रंथालयाची सूची), शिक्का आणि लेबल एवढ्या पायऱ्या आहेत. परदेशी पुस्तक असेल तर वितरक लावत असलेला विनिमय दर पुस्तकविक्रेत्यांच्या ‘जीओसी’ (गुड ऑफिसेस कमिटी) या समितीने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त नाही ना, हेही बघतो.

एक गैरसमज दूर करायला हवा. पुस्तकांसाठी प्रत्येक वेळी निविदा काढावीच लागते असे लोकांना वाटते. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ‘माल’ या संज्ञेतून ग्रंथालयाची पुस्तके आणि नियतकालिके स्पष्टपणे वगळली आहेत. विद्यापीठांचे लेखा नियम वेगळे असतात, पण तत्त्व तेच: एक कादंबरी दुसरीपेक्षा स्वस्त आहे म्हणून तिच्या जागी चालत नाही. सवलतीचा दर मात्र आम्ही वितरकांशी वर्षातून एकदा ठरवून घेतो.

परीक्षेच्या तोंडावर अगदी निकडीचे पुस्तक असेल तर ते तसे लिहा. थोडी रक्कम रोखीच्या खरेदीसाठी वेगळी असते आणि आमच्यातला कोणीतरी खरोखरच चौकात जाऊन ते आणतो.

६. क्रमिक पुस्तकाच्या दोनच प्रती आणि वाचक शंभर. जास्त प्रती का घेत नाही? गाइड तर ठेवतच नाही.

मागणी खरी आहे. आमचा साधा हिशेब असा: एका पुस्तकाची वाट पाहणाऱ्यांची यादी सतत लांब राहिली तर प्रती वाढवतो, आणि एक प्रत नेहमी वाचनकक्षात राखीव ठेवतो, ती घरी जात नाही. पण शंभर प्रती घेतल्या आणि दोन वर्षांनी अभ्यासक्रम बदलला तर त्या शंभरही प्रती पडून राहतात, आणि त्या पैशांत जी ऐंशी वेगळी पुस्तके आली असती ती कायमची हुकतात. आर्थिक अडचण असलेल्या विद्यार्थ्यांनी बुक बँकेची चौकशी जरूर करावी. तिथे संच पूर्ण सत्रासाठी मिळतो.

गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच आम्ही घेत नाही, शिक्षकांनी सुचवले तरी. स्पर्धा परीक्षांचे मूळ संदर्भग्रंथ, शासकीय अहवाल आणि आर्थिक पाहणी घेतो.

७. मराठी पुस्तके कशी निवडता? नावाजलेल्या प्रकाशकांचीच दिसतात.

ही तक्रार रास्त आहे आणि ती दूर करायला आम्ही सर्वांत जास्त वेळ देतो. इंग्रजी पुस्तकांच्या याद्या वितरक स्वतःहून पाठवतात, विषयवार चाळण्यासुद्धा लावून देतात. मराठीत तसे नाही. लातूरला, सावंतवाडीला किंवा यवतमाळला एखादा निवृत्त शिक्षक आपल्या तालुक्यातल्या बोलीचा शब्दसंग्रह स्वखर्चाने छापतो, पाचशे प्रती काढतो, त्यातल्या दोनशे प्रकाशनाच्या कार्यक्रमात वाटल्या जातात आणि बाकीच्या घरी पलंगाखाली जातात. पुण्यातल्या कुठल्याच दुकानात ते पुस्तक येत नाही, त्याचे परीक्षण येत नाही. वीस वर्षांनी बोलीवर संशोधन करणाऱ्याला मात्र तेच हवे असते.

अशी पुस्तके मिळवायला आम्ही दैनिकांतली ‘पोच’ आणि ‘साभार स्वीकार’ सदरे वाचतो, साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात आणि २०२३ पासून फर्ग्युसनच्या मैदानावर भरू लागलेल्या पुणे पुस्तक महोत्सवात लहान गाळ्यांपासून सुरुवात करतो, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांना पत्रे पाठवतो. गावांचे इतिहास, साखर कारखान्यांच्या आणि सहकारी बँकांच्या स्मरणिका, कामगार संघटनांची पत्रके, दलित आणि आदिवासी चळवळींतली अनियतकालिके, जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह, बायकांनी स्वतः छापलेली आत्मचरित्रे यांना आमच्याकडे अग्रक्रम आहे. शासनाची प्रकाशने स्वस्त असतात, पण संपली की संपली. जिल्हा गॅझेटिअर निघाल्याबरोबर घेतले नाही तर पुढे रद्दीवाल्याकडे शोधावे लागते.

कादंबऱ्या आणि कविता? मराठी विभाग सुचवतो त्या, पुरस्कारप्राप्त, आणि त्याखेरीज नव्या लेखकांचे पहिले पुस्तक. मोठ्या लेखकाचे विसावे पुस्तक कुठेही मिळेल. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून जुन्या मराठी ग्रंथांची विचारणा वाढली आहे, ती चांगलीच गोष्ट आहे. पण आज निघणाऱ्या मराठीकडे दुर्लक्ष झाले तर शंभर वर्षांनी अभ्यासाला काय उरेल हाही विचार व्हावा.

दिवाळी अंकांबद्दल स्वतंत्रपणे सांगतो. ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये काढलेल्या अंकापासून ही परंपरा धरली जाते. बरीच ग्रंथालये मोसम संपला की अंक रद्दीत काढतात. आम्ही निवडक अंक बांधून ठेवतो, कारण अनेक महत्त्वाच्या कथा आणि दीर्घ लेख पहिल्यांदा तिथेच छापून आले आणि काही पुढे पुस्तकात आलेच नाहीत. सगळे अंक ठेवणे जागेअभावी शक्य होत नाही. तुमच्या घरी एखाद्या जुन्या अंकाची सलग वर्षे असतील तर प्रश्न १० वाचा आणि आम्हाला जरूर कळवा.

८. प्रत्येक प्रकाशकाने ग्रंथालयाला प्रत द्यावी असा कायदा आहे ना? मग विकत का घेता?

कायदा आहे, १९५४ चा, पण तो आम्हाला लागू नाही. त्यानुसार प्रकाशकाने प्रती पाठवायच्या त्या कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय या चार ठिकाणी. १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रांचाही समावेश झाला. विद्यापीठ ग्रंथालयाला येणारी प्रत एकतर विकतची असते, नाहीतर भेटीची. आणि कायद्याने पाठवायची प्रतही प्रत्येक लहान प्रकाशक पाठवतोच असे नाही, म्हणून प्रश्न ७ मधली शोधाशोध करावी लागते.

९. मी लेखक आहे. माझे पुस्तक विनामूल्य देतो. ठेवाल का?

बहुधा ठेवू, पण भेटीच्या पुस्तकालाही विकतच्याच कसोट्या लावतो. भेट मिळालेले पुस्तक फुकट नसते: त्याला तालिका लागते, जागा लागते, कसर आणि वाळवीपासून जपावे लागते. विषय आमच्या धोरणात बसतो का, मजकूर स्वतंत्र आहे का, छपाई आणि बांधणी टिकेल का हे पाहतो. संशोधनपर पुस्तकाला संदर्भ दिलेले नसतील तर विभागाचे मत घेतो. प्रश्न ७ मध्ये सांगितलेल्या प्रकारात बसणारे असेल तर छपाई साधी असली तरी हरकत नाही.

आयएसबीएन नसला तरी आम्ही नाकारत नाही. आयएसबीएन हा फक्त ओळखक्रमांक आहे, गुणवत्तेचा शिक्का नाही. भारतात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, तेव्हा त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून सावध राहा. एकच प्रत द्या, पाच नकोत.

१०. आजोबांचा दोन हजार पुस्तकांचा संग्रह आहे. सदनिका विकायची आहे. विद्यापीठाला द्यायचा आहे, पण त्यांच्या नावाचे वेगळे कपाट हवे.

सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतले वाडे पडू लागल्यापासून हा फोन येत नाही असा महिना जात नाही. यामागे माया असते हे आम्हाला कळते, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी यादी करा. लेखक, नाव, वर्ष, एवढे वहीत लिहिले तरी पुरे. यादी जमणार नसेल तर फडताळांचे फोटो काढा, पाठीवरची नावे वाचता येतील असे. त्यावरून आम्ही सांगतो की आमच्याकडे नाही असे त्यात किती आहे. सर्वसाधारण वाचनाच्या संग्रहात ते थोडेच निघते. प्रसिद्ध कादंबऱ्या आणि चरित्रे आमच्याकडे आधीच असतात. पण आजोबा एखाद्या विषयाच्या मागे लागलेले असतील, म्हणजे समजा नाट्यसंगीताची पुस्तिका-पत्रके, जुनी पंचांगे, सर्वेक्षणांचे नकाशे किंवा एखाद्या संस्थेची वार्षिक इतिवृत्ते त्यांनी जमवली असतील, तर तो भाग अनमोल असू शकतो. तो तोडून चालत नाही. त्यातली एकेक वस्तू सामान्य असली तरी एकत्र मिळून ती संशोधनाचे साधन होते.

म्हणून विनंती अशी की ‘फालतू कागद’ म्हणून आधीच काही टाकू नका. चांगली बांधणीची पुस्तके आमच्याकडे येतात आणि हस्तपत्रके, निमंत्रणे, टिपणवह्या, पत्रव्यवहार परस्पर रद्दीत जातो, असे पुष्कळदा होते. आम्हाला उलट क्रमाने हवे असते.

स्वतंत्र कपाटाची अट आम्ही सहसा स्वीकारत नाही. पुस्तके नावाने वेगळी ठेवली तर विषयाप्रमाणे शोधणाऱ्याला ती दिसतच नाहीत. त्याऐवजी प्रत्येक पुस्तकात दात्याच्या नावाची पट्टी लावतो आणि तालिकेत त्याची नोंद करतो, त्यामुळे ‘अमुक यांचा संग्रह’ असा शोध केव्हाही घेता येतो. वर सांगितलेला एकविषयी संग्रह मात्र एकत्रच ठेवतो. जी पुस्तके आम्हाला नकोत ती परत न्यायची की दुसऱ्या ग्रंथालयाला द्यायची, हे दानपत्रात आधी लिहून घेतो. वारसांत एकमत नसेल तर ते होईपर्यंत आम्ही काही उचलत नाही.

हस्तलिखिते आणि मोडी कागद निघाले तर आम्हीच तुम्हाला प्रश्न ४ मधल्या संस्थांकडे पाठवू.

११. आमच्या विषयाचे छापील जर्नल बंद का केले?

बहुतेक वेळा ते आता ऑनलाइन मिळत असते म्हणून. केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला २५ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, आणि व्यवस्था गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे. ही सोय शासकीय उच्चशिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. खासगी विद्यापीठातल्या मित्राला ती मिळत नसेल तर त्याच्या ग्रंथपालांची चूक नाही.

या योजनेत पुस्तके नाहीत आणि मराठी नियतकालिके तर नाहीतच. म्हणून वाचलेल्या वर्गणीचे पैसे आम्ही तिकडे वळवण्याचा आग्रह समितीत धरतो. मराठी त्रैमासिकाची वर्षाची वर्गणी काही शे रुपये असते आणि अनेकदा ग्रंथालयांच्या वर्गणीवरच ते तग धरून असते. ती आम्ही कधीही थांबवत नाही.

१२. ई-पुस्तक असताना छापील कशाला? आणि ई-पुस्तक ‘दुसरा वाचक वापरत आहे’ असे का सांगते?

कारण विकत घेतली ती परवानगी, फाइल नव्हे. प्रकाशक एकावेळी एक, तीन किंवा अमर्याद वाचक असे वेगवेगळे दर लावतो. काही करार कायमचे असतात, काही एका वर्षाचे. वर्षाचा करार संपला की पुस्तक तालिकेतून नाहीसे होते. म्हणून संदर्भकोश आणि वेगाने बदलणारे विषय आम्ही ऑनलाइन घेतो, सलग वाचायचे ग्रंथ छापील, आणि चौथ्या पायरीच्या विषयात (प्रश्न ३) फक्त कायमच्या परवानगीचे.

१३. जुने पुस्तक बाजारात नाही. ग्रंथालय त्याची प्रत करून ठेवू शकते का?

हो, मर्यादेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार, भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी करू शकते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटली असतील तर हक्कच संपलेला असतो. ही मुदत मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात.

१४. मागवलेले पुस्तक कोणी वाचलेच नाही तर तो पैसा वाया नाही का?

पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुढच्या सहा वर्षांत एकदाही घरी नेली गेली नव्हती. त्यावर ग्रंथपालांत मोठा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. आमचे मत असे: अध्यापनाच्या पुस्तकांना वापराची कसोटी कठोरपणे लावावी, आणि आम्ही लावतो. संशोधनाच्या संग्रहाला ती लावता येत नाही. बोलीच्या शब्दसंग्रहाला पंधरा वर्षांत एकच वाचक मिळाला, पण त्याचा प्रबंध त्यावर उभा राहिला, तर ते पुस्तक कामी आले.

१५. पुस्तके बाद का करता? वर्तमानपत्रात ‘ग्रंथालयाची पुस्तके रद्दीत’ असे वाचून वाईट वाटते.

वाईट आम्हालाही वाटते, म्हणूनच हे काम घाईने होत नाही. बाद होतात ती मुख्यतः जुन्या क्रमिक पुस्तकांच्या जादा प्रती, कालबाह्य संगणक-पुस्तिका, बदललेल्या कायद्यांच्या जुन्या टीपा आणि दुरुस्तीपलीकडे गेलेल्या प्रती. यादी विभागाकडे जाते, मग समितीकडे, आणि निर्लेखनाची, म्हणजे पुस्तक संग्रहातून कमी केल्याची, नोंद दाखल नोंदवहीत होते. शेवटची प्रत बाद करताना पुण्यात दुसरीकडे ती आहे का हे पाहतो. १९०० च्या आगेमागे छापलेली, आम्लयुक्त कागदामुळे कडा तुटणारी मराठी पुस्तके बाद होत नाहीत. त्यांचे स्कॅनिंग होते आणि मूळ प्रत कागदी वेष्टनात राहते.

हरवलेल्या पुस्तकांचा प्रश्न वेगळा. केंद्राच्या त्याच वित्तीय नियमांनुसार (प्रश्न ५) वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचनासाठी काढलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाचांचे नुकसान वाजवी मानतात, निष्काळजीपणा किंवा अप्रामाणिकपणा नसेल तर. १,००० रुपयांवरचे किंवा दुर्मिळ पुस्तक गेले तर चौकशी होते.

१६. एखाद्या पुस्तकातल्या मजकुराने आमच्या भावना दुखावतात. ते काढून टाकाल का?

नाही. राज्य शासनाने कायद्यानुसार जप्तीचा आदेश काढला असेल तर तो पाळावा लागतो, आणि त्या आदेशालाही उच्च न्यायालयात आव्हान देता येते. त्याखेरीज कोणत्याही पक्षाच्या, जातीच्या किंवा संघटनेच्या सांगण्यावरून पुस्तक हलत नाही. ५ जानेवारी २००४ ला एका पुस्तकावरच्या वादातून भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा ज्यांचा त्या वादाशी काडीचा संबंध नव्हता असे ग्रंथ आणि वस्तू उद्ध्वस्त झाल्या. तुमचा आक्षेप लेखी द्या. त्या पुस्तकाचे खंडन करणारे चांगले पुस्तक असेल तर ते सुचवा, धोरणात बसत असेल तर आम्ही ते आनंदाने घेऊ आणि त्याच फडताळात ठेवू.

१७. विषय शिकवणेच बंद झाले तर त्याच्या पुस्तकांचे काय होते?

खरेदी पहिल्या-दुसऱ्या पायरीवर येते, पण आधीचा संग्रह मोडत नाही. फारसी, पाली, जुने जर्मन भारतविद्या ग्रंथ यांचे वाचक अशा वेळी विभागाबाहेरून येतात: इतिहासाचे संशोधक, अनुवादक, कधी निवृत्त अभियंते. ही पुस्तके भांडारात हलवतो. तालिकेत ‘भांडार’ असे दिसले की खिडकीवर चिठ्ठी द्या, दुसऱ्या कामाच्या दिवशी पुस्तक मिळते.

१८. माझी शिफारस नाकारली गेली. पुन्हा सुचवता येते का?

येते. नकाराचे कारण आम्ही लेखी कळवतो आणि ते बदलू शकते: स्वस्त भारतीय आवृत्ती निघते, नवा अभ्यासक्रम येतो, शेजारच्या संस्थेतली प्रत हरवते, किंवा आणखी चार जण तेच पुस्तक मागतात. जुन्या मागणीपत्राचा क्रमांक लिहा, म्हणजे आधीचा पत्रव्यवहार लगेच काढता येतो. नव्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, एप्रिल ते जूनमध्ये दिले तर उत्तम. मार्चमध्ये दिलेली शिफारस पुढच्या वर्षाच्या यादीत जाते.